आबांचा बिनसेलचा रेडिओ

आधीच सांगतो, भूतखेत, करणी, वासना... असल्या भंपकपणाची मला तेव्हाही चीड होती, आजही आहे. नव्वदच्या आसपासची गोष्ट. अंधश्रद्धाविरोधी पत्रकांची पिशवी खांद्याला लावून मी धुळे-जळगावची गावं पालथी घालायचो. पत्रकं मीच लिहायचो, वाक्यागणिक उद्गारचिन्ह!

सोनगीरपासून थोडं आत माझ्या मावशीचं गाव. तिला सगळे अक्काच म्हणत. तिचे यजमान आबा रेडिओचे वेडे. ओट्यावर सेट, निंबावर चढवलेली एरियलची तार, दुसरी तार जमिनीत पुरलेली. अर्थिंग ओलं हवं म्हणून तिथे रोज तांब्याभर पाणी. दुपारी जळगाव केंद्रावर बाजारभाव लागले की अख्खी गल्ली ओट्यावर. कापसाचा भाव उतरला की लोक आबांनाच शिव्या द्यायचे, जणू त्यांनीच पाडला! आबा हसत आवाज आणखी मोठा करायचे.

आबा गेले. अक्काने सेल काढून ठेवले. पाणी मात्र ओतत राहिली. आणि दोनेक महिन्यांनी रेडिओ दुपारी आपोआप बोलायला लागला. बिनसेलचा!

"आबा मरीसनबी बाजारभाव सोडत नहीत!" शेजारचे नाना हसले. गावातला भगत हसला नाही. "वासना अडकेल शे. रेडिओ तापीमा सोडा," म्हणाला. दीर-पुतणे लगेच तयार. अक्काने मला निरोप धाडला : ये, रेडिओ वाचव.

मी तणतणतच गेलो. मागचं झाकण उघडून पाहिलं. सेल खरंच नव्हते. दुपारी कान लावला... बारीक, घोगरा, पण स्पष्ट... बाजारभाव!

मग काय, भरल्या ओट्यावर माझं भाषण. "प्रत्येक केंद्राची एक फ्रिक्वेन्सी असते. म्हणजे लाट सेकंदाला किती वेळा थरथरते, तो आकडा. पोलिसांच्या वायरलेसचा वेगळा, विमानाचा वेगळा, म्हणून कोणी कोणात मिसळत नाही. सेट त्या आकड्याला जुळलेला आहे. लाटेतच थोडी वीज असते. लांब तार, ओली जमीन... आवाज येणारच!"

"मंग दखाड," भगत म्हणाला.

दाखवायचंच म्हणून मी पक्कड घेतली आणि एरियलची तार कापली. आवाज बंद. टाळ्या! भगत आपली पिशवी उचलून चालता झाला.

दुसऱ्या दिवशी अक्का म्हणाली, "जोड आते." जोडली. काही नाही. पीळ घट्ट केला, पाणी ओतलं... काहीच नाही.

सेट धुळ्याला मेकॅनिककडे नेला. त्याने उघडला आणि माझ्याकडे बघतच राहिला. "जळगावहून इतक्या लांब बिनसेलचा स्पीकर वाजतो होय? आणि हे बघा, स्पीकरची तारच तुटलीय. टोकांवर हिरवा गंज... महिना तरी झाला असेल. हा वाजूच शकत नाही."

पण मी आठवड्यापूर्वीच ऐकला होता. भगतानेही, साऱ्या गल्लीनेही.

त्याने तार जोडली, नवे सेल घातले. सेट खणखणीत वाजला. तो ओट्यावर ठेवला तेव्हा अक्काने शांतपणे सगळे बाजारभाव ऐकले. मी म्हटलं, "अक्का, झाला ना चालू?"

तिने बटण बंद केलं.

"सेल टाकीसन ते कोनाबी रेडिओ बोलस, भाऊ."