नकली बोर्ड

अमडापुरात व्हिडिओ गेमची पहिली मशीन माझ्या दुकानात आली. असली, कंपनीची. बायको दुकानावर बसायची, मी वावरात. दोन-तीन महिन्यांत रस्त्यापलीकडच्या भाजीवाल्यानं तोच गेम आणला, नकली. चित्र जरा फिकं, बाकी सगळं तेच. पोरं तिकडं वळली आणि माझं पोट दुखायला लागलं. माणूस हसतमुख होता, मी नाही, हेही त्यात आलंच.

खंडेनवमीला आपण नांगर धुतो, पाण्याची मोटर पुसतो, हळदकुंकू लावतो. मी मशीनही खोलली. त्याच्यापेक्षा माझी चकचकीत दिसावी म्हणून आतला बोर्डसुद्धा, म्हणजे ज्या पाटीत गेम भरलेला असतो ती, बाहेर काढला. त्यावर गंजलेली एक बॅटरी होती. काढली, घासली, परत बसवली. फुलं वाहून बटण दाबलं. पडद्यावर नुसत्या रंगीत रेघा.

अकोल्याचा मिस्त्री म्हणाला, "भाऊ, कोणी नक्कल करू नये म्हणून कंपनी गेमची चावी त्या बॅटरीच्या जोरावर ठेवते. बॅटरी काढली का चावी पुसली. मेला हा गेम."

"अन् त्या भाजीवाल्याचा काऊन चालते?"

"त्याले कुलूपच नाई. कुलूप तोडूनच तं नक्कल केली."

असली घेणारा मी बसलो बोंबलत.

भाजीवाल्याला कळलं. जास्तीचा एक नकली बोर्ड घेऊन तो आपण होऊन आला. "वहिनी, लावून देतो, खेळून पाहा." बायको दांडी धरून खेळली आणि खळखळून हसली. माझ्यासमोर ती इतकी कधी हसली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी बोर्ड काढून त्याच्या दुकानात आपटून आलो.

"काऊन वापस केला हो?" बायकोनं विचारलं.

"चोरीचा माल हाये तो."

"चोरीचा नाई, त्याचा हाये म्हणून दुखून राह्यलं तुमाले."

खरं होतं. मी मशीन भंगारात दिली आणि बायको माझ्याबरोबर तण निंदायला वावरात यायला लागली.

वर्षं लोटली. यंदा ती गेली. तेरवीला भाजीवाला आला, रडला. म्हणे, "भाऊ, तवा तुम्ही चिखलीच्या बाजाराले गेले का वहिनी येत माह्या दुकानात. शेवटच्या राक्षसाले त्याच मारत. पोट्टे टाळ्या वाजवत."

मला यातलं काही माहीत नव्हतं. ती कशी खेळायची, काय बोलायची, हे त्याला विचारायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "जेवून जा."

तिला जिंकताना त्यानं पाहिलं, मी नाही. म्हातारा झालो तरी जळतं.