माउंटखालची पणजी

आधी हसनचाचांचं नाव घेते, मग काय झालं ते सांगते. कोल्हापुरात त्यांचं फोटो फ्रेमिंगचं दुकान आहे. मी किनवटकडची, शिक्षण सातवी, नवरा शिरोली एमआयडीसीत. ओळखपाळख नसताना चाचांनी मला काम दिलं. पुढं सांगते तसल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... अजूनही नाही म्हणते, पण आता हळू आवाजात.

मागच्या उन्हाळ्यात पेठ वडगावचं एक गिऱ्हाईक सकाळीच आलं. हातात पणजीचा जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो — घरात तिचा तेवढाच. डाव्या कोपऱ्यात खिडकी, खिडकीशी बसलेली बाई, तोंडावर उजेड. उरलेला अर्धा फोटो नुसता अंधार.

"एवढं काळं कशाला? पणजी तेवढी दिसू दे," ते म्हणाले.

"पावणं, त्या अंधारामुळंच ती उठून दिसत्या की! काढणाऱ्यानं मुद्दाम सोडलाय," चाचा म्हणाले.

"मग त्याला इचारायला वर जाऊ काय आता?"

चाचा हसले. मी माउंट कापला, म्हणजे फोटोवर बसते ती पुठ्ठ्याची चौकट. बाईच्या मापाचा. अंधार सगळा पुठ्ठ्याखाली गेला. काच बसवली, फ्रेम भिंतीला टेकवली आणि तिथंच बसून डबा खाल्ला.

दुपारी तेच पाहुणे परत आले. मी फ्रेम उचलून दिली...

खिडकी होती. उजेड होता. बाई नव्हती.

"फोटो बदललासा! कुठनं आणलीसा ही पोरगी कामाला? पणजी इकली काय माझी?"

काम जाणार, आणि वर चोरीचा ठपका घेऊन गावी जायचं — कोण विश्वास ठेवणार माझ्यावर?

"पोरीनं कायबी केलं न्हाय," चाचा म्हणाले. "मी हितंच हुतो. थांबा, उघडतो."

त्यांनी खिळे काढले, माउंट उचलला. फोटोच्या पाठीवर हळदीचा डाग, सकाळी पाहुण्यांनीच दाखवलेला. फोटो तोच. आणि बाई उजवीकडं, पार अंधारात बसलेली... तोंड आमच्याकडं.

पाहुण्यांनी टोपी काढली. मग चाचांनी अख्ख्या फोटोला नवा माउंट कापला, एक कडही न झाकता.

माझी नजर चुकली म्हणावं, तर तिघांची कशी चुकेल? चाचांना विचारलं तर म्हणतात, "मला न्हाय ठावं, पोरी." मलाही नाही.

चाचांचा स्वतःचा एकही फोटो दुकानात नाही. मोबाईलवर का होईना, मी फोटो काढायला शिकतेय. एक दिवस त्यांचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढीन, माझ्या हातानं फ्रेम करीन. आणि बाजूला जागा सोडीन... भरपूर.