ड्रेसिंगच्या खोलीतला अर्धा तास

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे असतील, तर ठाण्याच्या ज्या इस्पितळात मी नोकरीला लागलो तिथल्या इन्चार्ज सिस्टरांचे. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. बी.ए. होऊन नर्सिंग शिकायला गेलो, म्हणून गावात हसू झालं होतं. सिस्टरांनी मात्र पहिल्या दिवसापासून मला ‘ब्रदर’ म्हटलं आणि काम शिकवलं.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस उलट्या-जुलाबांची मोठी साथ आली. खाटा संपल्या, तेव्हा माणसं जमिनीवर गाद्या टाकून निजवली. मी कोपर गावात खोली घेऊन राहत होतो. शेजाऱ्यांनी माझी बादली नळावरून बाजूला सारली. घरमालकीण लांबूनच बोलू लागल्या. त्यांचंही चुकत नव्हतं, घरात लहान मुलं होती. पण ड्यूटीवरून आल्यावर दोन शब्द बोलायला कुणी नसे. त्यातच वडिलांचं पत्र आलं. तालुक्याच्या शाळेत कारकुनाची जागा आहे, महिनाअखेरीपर्यंत कळव. मी राजीनामा लिहून ठेवला. द्यायचा की नाही, तेवढं ठरत नव्हतं.

वॉर्डात पेशंट गेला, की तो ज्याच्याकडे होता त्याला सिस्टर ड्रेसिंगच्या खोलीत गॉज कापायला पाठवायच्या. अर्धा तास. जखमेवर ठेवायच्या त्या जाळीदार कापडाच्या घड्या घालून वाफवायच्या ड्रममध्ये रचायच्या, आणि तिथे कुणी काही विचारायचं नाही. कुणी रडून घेई, कुणी नुसतं बसे. बाहेर आलं की पुन्हा सलाइनच्या बाटल्या.

एकदा खाडीकाठचे एक कोळी बाबा मला हाताने बोलावत होते. “आलोच बाबा,” म्हणून मी दुसऱ्या खाटेकडे वळलो. परत आलो तेव्हा ते गेले होते. सिस्टरांनी फक्त खोलीकडे बोट केलं.

मी घड्या घालत बसलो. दुसरी एक सिस्टर डोकावली आणि म्हणाली, “ब्रदर, पापड वाळत घालताय का?” मला हसू आलं नाही, पण बरं वाटलं. मग इन्चार्ज सिस्टर आल्या. त्यांनी माझ्या सगळ्या घड्या उलगडल्या.

“कडा आत घे. दोरा जखमेत राहतो.”

शेजारी बसून त्याही घड्या घालू लागल्या. वर न बघता म्हणाल्या, “मलाही एकाने असंच बोलावलं होतं. खूप वर्षं झाली. घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही.”

पुढच्या आठवड्यात त्या स्वतःच आजारी पडल्या. बऱ्या झाल्यावर विश्रांतीला कल्याणला भावाकडे गेल्या. मन मोकळं करावं असं माणूस वॉर्डात उरलं नाही. महिना संपायला दोन दिवस होते, तेव्हा मी दोन पत्रं लिहिली. एक वडिलांना. दुसरं हे:

ती. सिस्टर, सा. न. वि. वि.

तब्येत कशी आहे? वॉर्डात आज चौदा पेशंट आहेत, जमिनीवर कुणी नाही. खिडकीजवळच्या आजी पेज मागून घेतात. कालपासून कुणी गेलं नाही. औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत. वडिलांनी गावाकडे शाळेत नोकरी बघितली होती. नको म्हणून आजच कळवलं. ते रागावतील. खोलीवर अजून कुणी बोलत नाही, म्हणून ड्यूटीवर लवकर येतो. तुम्ही घाई करू नका. पण रुजू व्हायचा दिवस ठरला, की एक कार्ड टाका.

आपला,
ब्रदर