खाली कोण राहते

१४ मार्च. खाली नऊ जीव.

सुताराने एवढेच शब्द पेन्सिलीने पहिल्या वाशावर लिहिले आणि अक्षरांची बाजू खाली करून वासा जागेवर बसवला. लिहिलेले आता कोणाला दिसणार नव्हते, आणि दिसावे असा हेतूही नव्हता.

पंधरा वर्षांपूर्वी अशाच एका सपाट गच्चीवर लाकडी डेक बांधताना त्याने स्लॅबमध्ये एकच खिळा ठोकला होता. त्या भोकातून पाणी झिरपले आणि खालच्या बाळंतिणीचे अंथरूण भिजले. त्याला कोणी बोल लावला नाही, आणि तेच त्याच्या जिव्हारी लागले. तेव्हापासून वर काय बांधायचे हे ठरवण्याआधी तो खाली कोण राहते ते मोजत असे. वरच्यांच्या हौसेचा भार खालच्यांच्या माथी पडू नये, एवढे एकच तत्त्व त्याने उराशी धरले होते. ते मोडले तर आपल्या हाती नुसती करवत उरेल, असे त्याला वाटे.

म्हणून त्या दिवशीही सकाळी आठ वाजता त्याने वरच्या मजल्यावरची तिन्ही दारे ठोठावली. पहिल्या खोलीत शिवणकाम करणारी बाई आणि तिची दोन मुले होती. दुसऱ्या खोलीत एक म्हातारे जोडपे राहत होते. कोपऱ्यातल्या खोलीच्या दारात एक बाई मुलीची वेणी घालत उभी होती.

"घरात आत्ता कोण कोण आहे, ताई?"

"आत्ता? मी आणि या तिघी पोरी."

तो जिना चढून गेला.

इमारतीच्या मालकीणबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका, वर वाटच बघत होत्या. "मिस्त्री, डेक बांधायला आलात की खानेसुमारी करायला?"

"ओझं वर ठेवतात, बाई. पेलतात खालचे."

"बरं, तत्त्वज्ञान पुरे. माझी खुर्ची त्या कोपऱ्यात येईल. गुडघे शाबूत आहेत तोवर आकाश बघून घेते. आणि सकाळी सहालाच सुरू करा, म्हणजे लवकर उरकेल."

"सहाला नाही. नऊ ते पाच. कोणाची झोपमोड नको."

मग अकरा दिवस काम चालले. स्लॅबला त्याने एकही भोक पाडले नाही. वासे रबराच्या जाड तुकड्यांवर ठेवले, भार भिंतींवर येईल असे मांडले, फळ्यांमध्ये पाणी निथळायला फटी सोडल्या, आणि गच्चीचे पाणी जिथून खाली उतरते त्या तोंडावरची फळी उचलता येईल अशी बसवली. ठोकठोक मात्र टळण्यासारखी नव्हती. सर्वांत जास्त ती त्या कोपऱ्यात झाली, कारण खुर्चीसाठी तिथे एक पायरी उंच करायची होती.

चौथ्या दिवशी जिन्यात एक कृश माणूस भेटला. डोळे लाल, हातात रिकामा डबा.

"मिस्त्री, अजून किती दिवस?"

"घाईचं काम नाही, दादा. सात-आठ धरा. पण शंभर वर्षं हलणार नाही!"

"हो, चांगलंच होत असणार," माणूस म्हणाला आणि बाजूला सरला. सुताराला ती शाबासकी वाटली. त्या दिवशी त्याने कोपऱ्यातल्या पायरीला दोन स्क्रू जास्तीचे मारले.

बाराव्या दिवशी, काम संपल्यावर, तो रिवाजाप्रमाणे खालची छते तळहाताने चाचपायला गेला. कोपऱ्यातल्या खोलीत तो जिन्यातला माणूस भरदुपारी खाटेवर बसून होता.

"ओल नाही," सुतार समाधानाने म्हणाला.

"छत बघितलंत, आता माणूस बघा," त्याची बायको म्हणाली. "हे गोदामावर रात्रपाळीला असायचे. साडेआठला घरी यायचे, नऊला आडवे व्हायचे. नऊलाच तुमची हातोडी. परवा पहारा देताना डोळा लागला. काल घरी बसवलं."

"अहो, मला सांगायचं तरी!"

"विचारलं होतं की," माणूस हळूच म्हणाला. "तुम्ही शंभर वर्षं म्हणालात. म्हटलं, एवढं जीव ओतून करताहेत, सात-आठ दिवस आपण काढू."

सुतार तसाच गोदामावर गेला. तिथल्या व्यवस्थापकाने त्याचे ऐकून घेतले. "चूक तुमची असेलही. पण झोपला तो. त्याच्या जागी तुम्ही जागणार का?" नवा माणूस आधीच नेमला होता. व्यवस्थापक काही दुष्ट नव्हता. कोण झोपला, एवढेच त्याला विचारायचे होते. त्या माणसाला कोणी झोपू दिले नाही, हा प्रश्न कोणाच्याच कामात बसत नव्हता.

सुताराने हे मालकीणबाईंना सांगितले. "त्या खोलीत पाच जण आहेत, हे मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही मला विचारलं नाहीत. मी मात्र हसले." कोपऱ्यातल्या खुर्चीत त्या दिवशी त्या बसल्या नाहीत.

सुताराने पाण्याच्या तोंडावरची फळी उचलली, पोटावर पडून आत हात घातला, आणि चाचपडत, न दिसणाऱ्या त्या पहिल्या वाशाच्या खालच्या बाजूला 'नऊ' खोडून 'दहा' लिहिले. अक्षर वाकडे आले.

सुताराच्या ओळखीने महिन्याभराने त्या माणसाला एका छापखान्यात दिवसपाळी मिळाली. "आता ठोका खुशाल," तो जिन्यात हसून म्हणाला. सुताराला हसता आले नाही.

डेक पक्का आहे. छत कोरडे आहे. एका माणसाची अकरा दिवसांची झोप देणे बाकी आहे.