वाघ जेवायला बसला की

अकोटला आमच्या शेजारचे आबा माझ्या सहा वर्षांच्या मुलीला रोज झोपवताना गोष्ट सांगत. मधेच थांबून विचारत, "वाघानं काय खाल्लं वं?"

"झुणका!"

"मंग झुणकाच."

हसता हसता ती त्यांच्या मांडीवर झोपून जाई.

एकदा मी तुटकपणे म्हणालो, "आबा, उद्यापासून नको. अभ्यास बुडते तिचा."

"बरं, साहेब." त्याआधी ते मला नावानंच हाक मारत.

दुसऱ्या दिवशी तिनं त्यांना विचारलं, "आबा, वाघ कुठी गेला?"

"तुह्या बाबाले मालूम आहे, माय," म्हणत त्यांनी दार लोटलं.

त्या रात्री मीच गोष्ट सांगितली. तिला एकदाही काही विचारलं नाही. "राहू द्या, बाबा," म्हणून ती भिंतीकडे वळली आणि बराच वेळ जागी होती.