साडेपाच तासांचा फरक

आमच्याकडे आली की मानसी आधी अगरबत्ती कुठे लावली आहे ते बघायची आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला खुर्ची ओढायची. ठाकुर्लीत आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी, पस्तिशीची ही मुलगी अंटार्क्टिकाच्या हवेतले कण मोजायची. चार महिने तिथे राहून, पंपाने हवा ओढून, तिने गोल कागदी गाळण्यांवर ते कण गोळा केले होते. "काका, तिकडे सगळ्यात जास्त घाण करतो तो आमचाच जनरेटर," असं ती म्हणायची. जनरेटरच्या बाजूने वारा असतानाच्या गाळण्या तिने बाद केल्या होत्या. उरल्या बेचाळीस. त्यांत काजळी अपेक्षेपेक्षा बरीच जास्त निघाली होती.

अहवाल सोमवारी द्यायचा होता आणि पुढच्या मोहिमेची निवड त्यावरच होती. मी ठाण्याला सांख्यिकी कार्यालयात आहे. आमच्याकडे कोणताही तक्ता दोघांनी ताडायचा असतो. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने खूण करायची. रविवारी तिची नोंदवही आणि वाऱ्याच्या यंत्राच्या नोंदी घेऊन आम्ही तसेच बसलो.

"यांना दक्षिण ध्रुवावरच्या वाऱ्याची काळजी," बायको मानसीला म्हणाली. "घरातला पंखा पंधरा दिवस बंद आहे."

वहीत पहिलं वादळ दुपारी दोनला सुरू झालं होतं, यंत्रात सकाळी साडेआठला. पुढच्या दोन वादळांतही फरक साडेपाच तासांचाच.

मानसीने वहीतल्या वेळा पुन्हा पाहिल्या. मग म्हणाली, "यंत्र जागतिक वेळेवर होतं. माझं घड्याळ इथल्या. आईला फोन करायला सोपं जावं म्हणून मी ते बदललंच नव्हतं."

म्हणजे प्रत्येक गाळणीसाठी तिने भलत्याच तासांचा वारा पाहिला होता. पुन्हा ताडलं तेव्हा बेचाळीसपैकी सतरा गाळण्या जनरेटरच्या धुरातल्या निघाल्या.

मीच म्हणालो, "अगं, उद्या आहे तसा जाऊ दे. दुरुस्ती मागाहून पाठव."

"निवड झाल्यावर कोण पाठवतं, काका?"

उरलेल्या पंचविसांची सरासरी मी काढली. काजळी आधीच्या निम्म्याहून कमी. तिने आकडा दोनदा तपासला आणि हसायला लागली. "म्हणजे तिथली हवा आपण समजत होतो त्यापेक्षा चांगली आहे की."

आपली चूक तिने अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहिली. त्या वर्षी निवड झाली नाही. यंदा झाली, आणि मुलाखतीत निम्मा वेळ त्या पानाबद्दलच विचारलं म्हणे. सध्या ती तिकडे आहे. परतेल त्या महिन्यातले दोन रविवार मी मोकळे ठेवले आहेत.