ब्रेकमधली हवा

"हाये, अजून एक हाये."

असं म्हणून काका नळीवर नखाने टिचकी मारायचे. तुम्ही आर्वीत राहिला असाल, तर ही टिचकी तुम्हीही पाहिली असेल. सगळ्या गावाचे हे काका गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. सिरिंज उभी धरून हवेचा शेवटचा बुडबुडा बाहेर गेल्याशिवाय ते गाईला सुई लावत नसत. निवृत्तीनंतर टिचकी मारायला काही उरलं नाही, म्हणून ते सलाइन लावलेल्या ओळखीच्या माणसांना भेटायला जाऊ लागले. नर्सने त्यांना दोनदा वॉर्डाबाहेर काढलं.

काका आता नाहीत. पण आमच्या घरी ते ज्या पेशंटसाठी आले, त्याची गोष्ट सांगायलाच हवी. पेशंट म्हणजे माझ्या मुलीची, पूर्वाची, डोंगरात चालवायची सायकल.

सायकलने घाट उतरण्याच्या स्पर्धेची निवड चाचणी तीन आठवड्यांवर आली होती. पूर्वाने वर्षभर घाम गाळला होता आणि नेमका पुढचा ब्रेक ढिला पडला. ब्रेकची दांडी दाबली की थेट हँडलला टेकायची. हा ब्रेक तारेचा नाही, तेलाचा. सायकलवाल्याने हात जोडले. "हे आपल्याकडं नाई होत. नागपूरले न्या."

हे काकांच्या कानावर गेलं आणि ते आपणहून आले. सायकलीभोवती एक फेरी मारून त्यांनी विचारलं, "दुखणं कवापासून हाये? सकाळी जास्त का संध्याकाळी?"

मला हसू आवरेना. पूर्वाने त्यांना मोबाईलवर तेल भरण्याचा व्हिडिओ दाखवला. खाली चाकाजवळून सिरिंजने तेल ढकलायचं, म्हणजे नळीतली हवा वर दांडीपाशी येऊन निघून जाते. काकांचा चेहरा उजळला. "हे तं आपलंच काम हाये, बेटा!"

माझे यजमान ओळखीच्या गॅरेजमधून जीपचं ब्रेक ऑइल आणायला निघाले होते. काकांनी त्यांना दारातच अडवलं. "गाईचं औषध कोंबडीले देता का?" मग सायकलीचं तेल नागपूरहून मागवलं. काकांनी तासभर टिचक्या मारून बुडबुडे काढले आणि दांडी अशी कडक झाली की बास.

पुढच्या सोमवारी ती पुन्हा ढिली. काकांनी पुन्हा हवा काढली. त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा तेच!

आता माझा धीर सुटला. त्या वळणांवर ब्रेक लागला नाही तर पोर थेट दरीत जाईल. "चाचणी गेली खड्ड्यात, तू जायचं नाहीस," मी बजावलं. पूर्वा जेवेना. काका मात्र म्हणत, "काई नाई होत, बाई." या माणसाला काळजी म्हणून नाहीच, असं वाटून मला त्यांचा रागच आला.

चाचणीआधीच्या रविवारी काका सकाळीच आले आणि अंगणात स्टूल टाकून बसले. "पेशंट दिवसभर काय करते ते पाह्यतो."

मी नेहमीप्रमाणे रविवारची सायकल धुवायला घेतली. सीट आणि हँडल जमिनीवर टेकवून चाकं वर केली. आपल्याकडे सायकल अशीच उलटी करतात. पंक्चरवालाही तेच करतो.

"बाई! काऊन उलटी केली जी?" काका स्टुलावरून ताडकन उठले. "वर दांडीपाशी तेलाची टाकी हाये. तिच्यात जराशी हवा राहून जाते. सायकल उलटी केली का ते नळीत घुसते. सलाइनची बाटली कोनी खाली ठेवते का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन आठवडे मी साऱ्या जगाला दोष देत होते आणि दुखणं माझ्याच हातचं होतं. पण खरं सांगू? इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

काकांनी टाकीतली हवाही काढली. मग मुद्दाम सायकल उलटी करून ठेवली, निवांत चहा घेतला आणि सुलटी करून दांडी दाबली. कडक! "आता जाऊ द्या पोरीले," ते म्हणाले. मी हो म्हटलं.

चाचणीच्या दिवशी घाटाच्या पायथ्याशी पोचले, तर काका आधीच पुलाच्या कठड्यावर बसलेले. पहिल्या एसटीने आले होते. "सहज आलतो," म्हणाले. पण वळणावर सायकल दिसली की ते माझं मनगट घट्ट धरायचे आणि पूर्वा नाही असं कळलं की सोडायचे. या माणसाला केवढी काळजी होती, ते मला तेव्हा कळलं.

शेवटी पूर्वा आली. भरधाव उतरली, ब्रेक दाबला आणि आमच्यापासून चार हातांवर थांबली. काकांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खाली वाकून त्यांनी पुढच्या ब्रेकच्या चकतीला बोट लावलं आणि चटका बसताच ओरडले, "गरम हाये! धरला, बाई, ब्रेकनं धरला!"

भाजलेलं बोट तोंडात घालून काका भर रस्त्यात रडत होते. "आई, काकांना काय झालं?" पूर्वा विचारत होती. मला सांगता येईना, कारण मीही रडत होते.